दोनदा दिलेले नाव

१४ मे १९८६, बुधवार. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी सौंसर येथील रघुनाथराव कळंबे यांच्या घरी, माझ्यात पसरलेल्या तांदळांवर नवरदेवाने सोन्याच्या अंगठीने 'अलका' हे नाव लिहिले. नवरीने ते वाचले. बायकांनी साखर वाटली.

हेच नाव, याच हाताने, याच अंगठीने, सात वर्षांपूर्वीही माझ्यात लिहिले गेले होते. तेव्हाची नवरी वेगळी होती. ती जिवंत होती आणि त्या घटकेला तिगावला आपल्या माहेरी होती. तिला कोणी कळवले नव्हते.

मित्रांनो, मी एक जुने पितळी ताट आहे. माझी हकिकत सांगताना मी एक पथ्य पाळणार आहे. जे मी पाहिले ते पाहिले म्हणून सांगेन आणि जे नुसते ऐकले ते ऐकले म्हणून. ज्या घरात मी राहते तिथे याची फार गरज आहे.

माझा जन्म १९३१ सालचा, भंडाऱ्याचा. एका कासाराने पितळेचा पत्रा तापवला, ठोकला, काठ वळवला आणि मला दीड हात रुंद केले. कवडूजी कळंबे यांनी स्वतःच्या लग्नासाठी मला विकत घेतले आणि छोट्या रेल्वेने सौंसरला आणले. वाटेत ते मला मांडीवर धरून बसले होते.

कवडू हे नाव आता मुलांना ठेवत नाहीत, म्हणून त्याचा अर्थ सांगते. कवडूजींच्या आधीची दोन भावंडे तान्हेपणीच गेली होती. तिसरे मूल झाले तेव्हा आईने ते शेजारणीच्या ओटीत टाकले आणि एक कवडी देऊन परत घेतले. एवढ्या हलक्या किमतीच्या पोराकडे मरण ढुंकून पाहणार नाही, असा त्यामागचा हिशेब. पोर जगले. नाव राहिले. पुढे त्याच कवडूजींनी आपल्या मुलाचे नाव रघुनाथ ठेवले आणि रघुनाथने आपल्या मुलाचे विनायक. घर वर चढत गेले तसे नावही चढत गेले.

मुलग्यांची नावे अशी पाळण्यात ठरत आणि मरेपर्यंत टिकत. सुनांची माझ्यात ठरत.

नवरी माप ओलांडून आत आली की मला देवापुढे ठेवत. माझ्यात तांदूळ पसरत. नवरदेव अंगठीने तिचे नवे नाव लिही. त्या दिवसापासून माहेरचे नाव मिटे. आडनाव तर मांडवातच बदललेले असे. मला या कामाचा अभिमान होता. घरात पुष्कळ भांडी होती, पण माणसाला नाव देणारे भांडे मी एकटेच होते.

माझ्यात पहिले नाव उमटले ते देवका. कवडूजींची बायको. तिचे माहेरचे नाव काय होते, ते मला माहीत नाही. ती या घरात बेचाळीस वर्षे राहिली आणि १९७३ साली वारली. एवढ्या काळात ते नाव घेऊन तिला कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही.

दुसरे नाव १९५२ साली. रघुनाथरावांची नवरी वेणू म्हणून आली आणि शकुंतला झाली. पुढे तिला सगळे शकुबाई म्हणू लागले. एकदा पापड वाळत घालताना ती शेजारच्या लीलाबाईंना म्हणाली होती, "माह्या मायनं वेणू ठेवलं होतं व. आता रस्त्यात कोनी वेणू म्हनून हाका मारल्या तं मी मागं वळूनसुदिक पाह्यणार नाही." असे म्हणून ती हसली होती. हे मी स्वतः ऐकले आहे. पुढे जे घडले ते सांगताना हे हसणे मला बाजूला ठेवता येत नाही.

रघुनाथराव मराठी शाळेत गुरुजी होते. अक्षर देखणे. नावांचा त्यांना नादच होता. कोणाकडे बारसे असो की लग्न, ते नावाची फोड करून सांगत. आपण कळंबे का, असे कोणी विचारले की म्हणत, "आपले पूर्वज वऱ्हाडातल्या कळंब गावाहून आले." एका लग्नात एक म्हातारा त्यांना म्हणाला, "नाही गुरुजी, कळंबाच्या झाडाखाली घर होतं म्हनून कळंबे." रघुनाथराव रागावले नाहीत. "दोन्ही लिहून ठेवू. खरं कोन्तं ते पुढच्यांनी पाहावं," एवढेच बोलले. माणसाने नावाशी प्रामाणिक कसे राहावे, ते मी त्यांच्याकडून शिकले, असे मी पुष्कळ वर्षे समजत होते.

तिसरे नाव २१ मे १९७९ रोजी. विनायकचे लग्न. नवरी तिगावची, घागऱ्यांची पुष्पा, आठवी पास. विनायकने तांदळांवर 'अलका' लिहिले. त्या वर्षांत ते नाव जोरात होते. एकट्या आमच्या गल्लीत तीन अलका होत्या. रघुनाथरावांनी चाळीस माणसांसमोर त्याचा अर्थ सांगितला. "अलका म्हनजे कुबेराची नगरी. हे पोरगी आली म्हनजे अख्खी नगरी आली आपल्या घरी." लोक हसले. पुष्पाही हसली. मग ती माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "मले इचारलं असतं तं पुष्पाच राहू द्या म्हनली असती." हे माझ्याशिवाय कोणी ऐकले नाही.

दुसऱ्या दिवशी ते तांदूळ शिजवून सगळ्यांनी खाल्ले. रीतच तशी आहे. माझ्यावर नावाची खूण राहत नाही.

खूण राहिली ती कागदांवर. राशनकार्डात, मतदारांच्या यादीत, सगळीकडे ती सौ. अलका विनायक कळंबे झाली. शाळेच्या दाखल्यावर मात्र कुमारी पुष्पा घागरे.

एव्हाना घरात स्टील आले होते. मला कल्हई करणे बंद झाले आणि मी फळीवर उभे राहिले, भिंतीला पाठ लावून. पुष्पाने मला खाली काढले. ती दुपारी गल्लीतली लहान पोरे ओसरीवर जमवी, माझ्यात बारीक वाळू पसरी आणि प्रत्येकाला आपले नाव बोटाने लिहायला लावी. एका वेळी पंधरा पोरे असत. त्यांत तीन सुनील, दोन सचिन, दोन स्वाती. कवडू एकही नव्हता.

"हे तुहं नाव हाय," ती प्रत्येकाला सांगे. "नीट लिव्ह. तुह्याशिवाय कोनाचं नाही ते."

"बाई, माहं तं त्याचंबी हाय," तिघांतला एक सुनील दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला होता.

"मंग आडनाव लिव्ह पुढं. भांडू नका."

माझ्या सगळ्या आयुष्यातले ते दिवस मला सर्वांत चांगले वाटतात. लग्नातली नावे दुसऱ्याने लिहिलेली असत. ही ज्याची त्याने लिहिलेली.

१९८५च्या फेब्रुवारीत वॉर्डात अंगणवाडी निघणार असे कळले. कार्यकर्ता म्हणून आठवी पास बाई हवी होती. अर्ज रघुनाथरावांनीच लिहिला, आपल्या देखण्या अक्षरात. सोबत शाळेचा दाखला आणि 'कुमारी पुष्पा घागरे याच विवाहानंतर सौ. अलका विनायक कळंबे' असा वॉर्डाच्या पंचांचा कागद. पुष्पाने खाली सही केली, अलका म्हणून. "कळंब्यांच्या घरची पहिली नोकरीवाली सून," असे रघुनाथराव दोन वेळा म्हणाले.

त्या नोकरीत पुष्पाचे सगळे चित्त होते. पोस्टमनची सायकल वाजली की तिचे हात थांबत.

पण लग्नाला सहा वर्षे झाली होती आणि मूल नव्हते. ऑगस्टमध्ये शकुबाई तिला म्हणाली, "जा, महिनाभर माहेरी राह्यून ये. हवा बदलते." पुष्पा एक पिशवी घेऊन पांढुर्ण्याच्या बसने गेली, तिथून पुढे तिगाव. महिना झाला, दोन झाले. तिची तीन पत्रे आली, ती मी पाहिली. उत्तर गेलेले पाहिले नाही. चौथे पत्र आले नाही. एप्रिलमध्ये लोधीखेड्याजवळच्या एका गावातली मुलगी विनायकसाठी ठरली. पुष्पाचे आणि त्याचे लग्न कायद्याने मोडलेले नव्हते. मुलीच्या घरी 'पहिली आपणहून गेली' असे सांगण्यात आले होते, असे मला नंतर समजले.

मुलीचे नाव केसर, चौथी पास. विनायकने तिच्यासाठी 'जयश्री' हे नाव निवडले होते आणि चिठ्ठीवर लिहून देवाच्या फोटोमागे ठेवले होते.

२ मे १९८६, शुक्रवार. दुपारी एकच्या सुमारास पोस्टमनने लिफाफा दिला. रघुनाथरावांनी तो उभ्यानेच फोडला.

"आली व आर्डर!" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता. ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने मुद्दाम नोंदवते. "अलकाची आर्डर आली. अठ्ठावीस एप्रिलची तारीख हाय. एक जूनपासून हजर व्हाचं हाय. आजच तिगावले कारड टाका लागते."

शकुबाई चूल सारवत होती. "कोन्या अलकाची?"

"आपल्या. पुष्पाची."

"ते तं गेली."

"गेली नाही. पाठोली."

विनायक जेवत होता. त्याने घास थांबवला. "बाबा, आर्डरीवर पुष्पा लिव्हलं हाय का?"

"नाही. अलका विनायक कळंबे."

"मंग पुष्पाचा काय संबंध?"

मग शकुबाई उठून उभी राहिली आणि तिने हात पदराला पुसले. "बरोबर बोलून राहिला तो. नाव कोनं देल्लं होतं तिले? आपन देल्लं. तांदूळ आपले, आंगठी आपली, ताट आपलं. ते गेली तं नाव का संगं नेते? नव्या सुनेचं नाव अलकाच ठेवा. रासनकारडात हाय, वोटर लिस्टमंदी हाय. खोडाखोडीचं कामच नाही."

"अव, नाव म्हनजे का चुलीवरचा गंज हाय?" रघुनाथराव म्हणाले. "एकीनं ठेवला, दुसरीनं उचलला?"

"मंग आर्डर फाडून टाका. चालते?"

"आठवीचा दाखला पुष्पाचा हाय."

"सगळ्याच सुनांचे दाखले दुसऱ्या नावाचे राह्यतात," विनायक म्हणाला. "दफ्तरात कोन पाह्यते? तुम्हीच तं कागद लावला होता, पुष्पा म्हनजे अलका म्हनून. अलका आपल्या घरी उभी राह्यली म्हनजे झालं."

मित्रांनो, तो म्हणाला ते खरे होते. लग्नात प्रत्येकीचे नाव बदलते, म्हणून दाखल्यावरचे नाव आणि समोरची बाई जुळत नसल्याचे कोणालाच नवल वाटत नाही. ज्या रिवाजाचा मला अभिमान होता, त्याच्याच आडोशाने हे होणार होते.

रघुनाथरावांनी आर्डर घडी करून खिशात ठेवली. कोरी पोस्टकार्डे कपाटात होती. माझ्या जागेवरून ती दिसत. त्या दिवशी त्यांतले एकही कमी झाले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोटोमागची 'जयश्री'ची चिठ्ठी विनायकने काढून घेतली.

१३ मेला लग्न झाले. १४ मेला सकाळी मला देवापुढे ठेवले. पुढचे मी सुरुवातीलाच सांगितले आहे. दोनच गोष्टी राहिल्या.

विनायकने नाव लिहिले तेव्हा लीलाबाई मोठ्याने म्हणाल्या, "नाव तं जुनंच हाय व शकुबाई! नवरी तेवढी नवी आनली."

"ताटबी जुनंच हाय," शकुबाई म्हणाली. "तांदूळ नवे हायेत ना? साखर खा तुम्ही."

आणि दुसरी गोष्ट. नावाचा अर्थ सांगा, असा पाहुण्यांनी रघुनाथरावांना आग्रह केला. ते म्हणाले, "आज घसा बसला हाय." त्यांचा घसा बसलेला नव्हता. थोड्याच वेळापूर्वी त्यांनी मांडववाल्याला अंगणातून हाक मारली होती.

जूनपासून केसर अंगणवाडीत जाऊ लागली. त्याआधी पंधरा दिवस विनायक तिच्याकडून पाटीवर सही गिरवून घेत होता. केंद्राच्या दारावर पाटी लागली: कार्यकर्ता, सौ. अलका विनायक कळंबे. हे मी लीलाबाईंकडून ऐकले. लग्नातले लीलाबाईंचे बोलणे केसरने थट्टेवारी नेले असावे; आपल्या आधी याच नावाची कोणी बाई या घरात होती, हे तिला तेव्हा माहीत नव्हते. पहिली होती एवढेच माहीत होते.

९ जुलै, बुधवार. दुपारी दोन वाजता पुष्पा दारात उभी राहिली. पांढुर्ण्याच्या बाजारात तिला आमच्या गल्लीतली एक बाई भेटली होती आणि 'तुह्या नावाची पाटी लागली' म्हणून अभिनंदन करून गेली होती.

केसर नुकतीच अंगणवाडीतून आली होती. पाहुणी समजून तिने पाणी आणले.

"नाव काय तुहं?" पुष्पाने विचारले.

"अलका."

पुष्पा पाणी प्यायली आणि तिने पेला खाली ठेवला. "माहंही."

केसरने पेला उचलला. "मंग तुमाले मी काय म्हनू?"

उत्तर मिळायच्या आत शकुबाई बाहेर आली. मागून रघुनाथराव. विनायक घरी नव्हता.

"मी नांदाले नाही आली, आत्याबाई," पुष्पा म्हणाली. "मले घर नाही पाह्यजे, तुमचा पोरगाही नाही पाह्यजे. माही आर्डर द्या. अर्जी माही, दाखला माहा, सही माही."

"कोनाची आर्डर?"

"अलका विनायक कळंबे. माही."

"अलका हे इथं उभी हाय," शकुबाई केसरकडे हात करून म्हणाली. "तू कोन? तू तं पुष्पा. घागऱ्यांची पुष्पा."

ती या घरात होती तोवर त्या नावाने तिला कोणी हाक मारली नव्हती. पुष्पाने कधी स्वतःहून उच्चारले तर शकुबाई तिला टोकत असे. ज्या दिवशी तिला अलका असण्याची गरज पडली, त्या दिवशी तिचे जुने नाव तिच्या अंगावर फेकले गेले. मी अंगठीचे ओरखडे सोसले आहेत, चुलीची धग सोसली आहे. तसे काही मला त्याआधी लागले नव्हते.

पुष्पा रघुनाथरावांकडे वळली. "मामाजी, तुम्ही सांगा. कुबेराची नगरी म्हनले होते तुम्ही. तुम्हीच अर्जी लिव्हली. बोला ना."

रघुनाथरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावला. "ऊन लय हाय," ते म्हणाले. "चहा घेऊन जा."

ती चहा न घेता गेली.

तिने अंगणवाड्यांच्या सरकारी दफ्तरात तक्रार दिली. २० ऑगस्टला पर्यवेक्षिका बाई चौकशीला घरी आल्या. शांत, नीट बाई होत्या. दोष देण्याजोगे मी त्यांच्यात काही पाहिले नाही. त्यांनी लीलाबाईंना विचारले, "पहिल्या सुनेला या घरात काय म्हणत?"

"अलका."

"आणि हिला?"

"हिलेबी अलकाच. दोघीबी अलकाच हायेत, म्याडम. आता याले मी काय करू?"

साक्ष खरी होती आणि तिचा काही उपयोग नव्हता. पंचांच्या कागदावर सही करणारे गृहस्थ मागच्याच वर्षी वारले होते. मग बाईंनी रघुनाथरावांना विचारले. इतकी वर्षे शिकवलेला माणूस. त्यांच्या शब्दाला सौंसरमध्ये वजन होते. ते एक वाक्य बोलले असते तर त्याच दिवशी निकाल लागला असता.

त्यांनी जबानी स्वतःच्या हाताने लिहून दिली आणि वाचून दाखवली. "पुष्पा घागरे हिला आमच्या घरात 'अलका' हे नाव कधीही देण्यात आले नव्हते. आमच्या घरात अलका नावाची एकच सून आहे."

बाईंनी वर पाहिले. "अर्जाला लावलेल्या पंचांच्या कागदात तसं लिहिलंय, गुरुजी."

"त्याबद्दल मले आता आठवत नाही," रघुनाथराव म्हणाले.

ते बोलले तेव्हा मी त्यांच्यापासून पाच हातांवर फळीवर होते. २१ मे १९७९ रोजी ते नाव माझ्यात होते आणि ते स्वतः माझ्या शेजारी उभे होते. विनायकने लोभाने केले, शकुबाईने हक्क समजून केले. या माणसाला नावाची किंमत ठाऊक होती आणि त्याने जबानी जाणूनबुजून खोटी लिहिली, तीही त्याच देखण्या अक्षरात. मित्रांनो, मला फसवले ते यांनी. माझ्याजवळ दाखवायला काही नव्हते. तांदूळ केव्हाच खाऊन झाले होते.

त्यानंतर घरात हा विषय निघत नसे. दिवाळीच्या आधी भांडी आवरताना तो केसरने काढला.

"आत्याबाई, मले एक सांगा. केंद्रात आर्डरीची नक्कल लावली हाय. तिच्यावर तारीख अठ्ठावीस एप्रिल हाय."

"असन. मंग?"

"माहं लगन तेरा मेले झालं. अठ्ठावीस एप्रिलले मी केसरच होती. मंग ते आर्डर कोनाच्या नावानं निघाली?"

शकुबाईच्या हातातली कढई थांबली. "चौथी पास हाय म्हनून आनली, तं हे तारखा वाचून राहिली!" ती म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला. "हे पाय, पोरी. नोकरी चालू हाय. गुमान चालू राहू दे. दुसरीच्या वाट्याचं खाऊन तुले का अपचन होऊन राह्यलं?"

"हो," केसर म्हणाली. "तसंच होऊन राह्यलं."

सुनावणी त्याच दफ्तरात २१ जानेवारी १९८७ रोजी झाली. पुष्पा आणि केसर, दोघींना बोलावले होते. तिथे मी नव्हते. जे सांगते ते त्या दुपारी विनायकने घरात ओरडून सांगितलेले आहे आणि रागातला माणूस सगळेच नेमके सांगतो असे नाही.

त्याच्या म्हणण्याप्रमाणे, दफ्तरातल्या साहेबांनी केसरला नाव विचारले. ती म्हणाली, "आता अलका. चौदा मेच्या आधी केसर." मग तिने पिशवीतून आपली लग्नपत्रिका काढून टेबलावर ठेवली. त्यावर 'चि. सौ. कां. केसर' असे छापलेले होते आणि तारीख १३ मे. बाहेर पडताना पुष्पाने केसरला 'कुठं जाशीन आता?' असे विचारले, हेही विनायकनेच सांगितले. केसर काय म्हणाली, ते त्याने सांगितले नाही.

केसर त्या दिवशी घरी आली नाही. आठ दिवसांनी लोधीखेड्याकडून तिचा भाऊ येऊन ट्रंक घेऊन गेला. शकुबाईने मला फळीवरून ओढून माळ्यावर फेकले. "या ताटातच खोट हाय," ती म्हणाली. माझा काठ एका जागी चेपला आहे.

माळ्यावर अंधार असतो, पण ऐकू येते. लीलाबाईंच्या बोलण्यावरून कळले की प्रकरण जिल्ह्याच्या दफ्तरात गेले आहे. निर्णय होईपर्यंत कोणालाच काम नाही. पुष्पा दर महिन्याला तिगावहून येऊन विचारपूस करून जाते. रघुनाथराव आता बारशांना जात नाहीत. बोलावणे येत नाही की ते जात नाहीत, हे मला सांगता येणार नाही.

मित्रांनो, मी भांडे आहे. माझ्यात कोणी काय लिहावे, हे माझ्या हातात नाही. तुमच्या हातात आहे. तुमच्या घरी नवी वहिनी आली, नवी काकू आली, तर तिला आधी तिचे नाव विचारा. तिला ते ठेवायचे असेल तर ठेवू द्या, बदलायचे असेल तर तिलाच निवडू द्या. आणि एकदा दिलेले नाव ज्याचे त्याचे असते. देणाऱ्याला ते परत घेता येत नाही. माझ्या काठावरचा चेप ठोकून निघेल. पुष्पाची दोन वर्षे भरून निघणार नाहीत.

आज १ जुलै १९८७. जिल्ह्याहून निर्णय आलेला नाही. अंगणवाडीला कुलूप आहे आणि दारावरची पाटी तशीच आहे. परवा, सोमवारी, सकाळी नऊच्या सुमारास शकुबाईने मला माळ्यावरून खाली उतरवले आणि चिंचेने घासून लख्ख केले, सून येणार असली की करतात तसे. कशासाठी, ते घरात अजून कोणी बोललेले नाही.